आधी बेंबी बघा, मग मीठ टाका

आर्द्रात झड लागली की आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात धुऱ्यावर, गोठ्याच्या भिंतीवर, न्हाणीघराच्या मोरीत, जिथं पाहाल तिथं गोगलगायी निघतात. आणि निघाल्या की घरातली बाई मिठाचा डबा घेऊन निघते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, ती बातमी व्हाट्सअपवर इतकी फिरली की आता गावात कवचवाली कोणतीही गोगलगाय दिसली की ती "आफ्रिकन"च, म्हणजे बाहेरून आलेली, पिकं खाणारी मोठी गोगलगाय.

यंदा पुतण्याने वावरातून एक उचलून आणली, डब्यात ठेवली. आई ओरडली, "काहून आणलं बे हे घरात, टाक मीठ तिच्यावर!" म्हटलं थांब जरा, आधी पाहू तर दे कोण होय ते.

आफ्रिकन आहे का नाही हे ओळखायला भिंग पण लागत नाही. आफ्रिकनचं कवच उभट असते, रुंदीपेक्षा उंची जास्त, फिकट रंगावर तपकिरी उभे पट्टे, मोठी झाली की तळहात भरतो. पक्की खूण म्हणजे कवचाच्या तोंडातून आत पाहिलं तर मधला खांब दिसतो ना, तो खाली येऊन एकदम कापल्यासारखा तुटलेला असते, छोट्या पिल्लातसुद्धा. आमच्या डब्यातली मात्र चपटी, १६ मिलिमीटर रुंद आणि उंची जेमतेम ९. उलटी केली तर मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं भोक. या भोकाला बेंबीच म्हणा, शास्त्रातल्या लॅटिन नावाचा अर्थ पण तोच आहे. आफ्रिकनला ही बेंबी नसतेच. म्हणजे पहिला आरोप इथंच खलास.

मग पुढं. कवचाचं टोक वर धरायचं आणि तोंड आपल्याकडे करायचं, तोंड उजवीकडे आलं तर ती उजवी. बहुतेक उजव्याच असतात, पण मुंबईकडे एरिओफँटा लेविपेस नावाची एक आहे ती डावी, म्हणून ही सवय लावून घ्यायची. आमची उजवी निघाली. वेटोळी मोजली, टोकापासून सुरू करून साडेपाच (पुतण्याने सहा मोजले, त्यावर दहा मिनिटं भांडण). तोंडावर घट्ट झाकण नाही आणि शिंगं चार, वरच्या लांब जोडीच्या टोकाला डोळे. बोट जवळ नेलं की डोळा शर्टाची बाही उलटी करावी तसा आतल्या आत ओढला जातो, हे पोट्ट्याने किती वेळा करून पाहिलं सांगता येत नाही. ज्या गोगलगायींना पक्कं झाकण असते त्यांना शिंगांची एकच जोडी आणि डोळे बुडाशी, ते खानदानच वेगळं.

खरी मजा काचेवर आली. खिडकीच्या तुटक्या काचेवर ठेवली आणि खालून पाहिलं तर तळव्यावरून गडद पट्ट्यांच्या लाटा शेपटीकडून डोक्याकडे सरकत होत्या, एकामागे एक, न थांबता. उजव्या अंगाला कवचाच्या काठाशी श्वासाचं भोक उघडत होतं, मिटत होतं. शेपटीच्या टोकाला एक चीर आणि तिच्यावर बारीकसं शिंग. आणि कवचाच्या काठातून जिभेसारख्या दोन पातळ झालरी बाहेर येऊन कवचावरून फिरत होत्या, पुसल्यासारख्या. कवच काचेसारखं चकाकत होतं.

शेपटीवरची चीर-शिंग, त्या झालरी, पातळ चकचकीत कवच आणि बारीक बेंबी हे सगळं जुळलं की बोट मॅक्रोक्लॅमिस या वंशावर जाते. ग्रीकमधे याचा अर्थ लांब शाल असा काहीसा, त्या झालरींना शोभून दिसते. आपल्याच देशातली, पाला-शेवाळ खाणारी, कुंड्यांमधे रोपं कुरतडते पण वावर साफ करणारी नाही.

आता गंमत ऐका. हे नाव विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या लिखाणातून आलं, कंपनी सरकारची नोकरी आणि छंद गोगलगायींचा, भारतातल्या कितीतरी जातींना त्याने नावं दिली. आणि १८४७ मधे मॉरिशसहून आफ्रिकन गोगलगायी कलकत्त्याला आणणारा पण हाच. तिथल्या एका बागेत त्या सुटल्या आणि पुढचं आपण भोगतोच आहे. एकाच माणसाने आपलीला नाव दिलं आणि परकीला घर दिलं.

बरं, वंश सापडला, पण जात? इथं कवच दगा देते. या वंशातल्या बऱ्याच जाती वरून सारख्याच दिसतात, तोंडाचा काठ म्हातारपणी पण जाड होत नाही, त्यामुळे पिल्लू कोणतं आणि मोठी कोणती हेही कळायला जड. फरक असतो तो पोटात. या वंशातली प्रत्येक गोगलगाय नर पण आणि मादी पण, आणि तिच्या जननेंद्रियांच्या नळ्या-पिशव्या जातीजातीत वेगळ्या. ते बघायचं तर तिला उकळून थंड केलेल्या पाण्यात रात्रभर बुडवून मारायचं म्हणजे अंग पसरलेलं राहते, मग अल्कोहोलमधे ठेवायचं, मग सूक्ष्मदर्शकाखाली चिरायचं. नाहीतर डीएनए. भारतीय प्राणी सर्वेक्षणाची केंद्रं पुण्याला आणि जबलपूरला आहेत, तिथं असे नमुने बाटल्यांत जपलेले असतात, सोबत चिठ्ठी: गाव, तारीख, कोणी गोळा केला. चिठ्ठी नसेल तर नमुन्याला काडीची किंमत नाही.

पुतण्याने वहीत लिहिलं: मॅक्रोक्लॅमिस, धुरा, झड, दुपारी चार. मारायचं म्हटल्यावर तोंड पाडून बसला. आई दारातून ऐकत होती. "पुरं नाव नाही सापडलं ना, त मग ठेवली काहून डब्यात? सोड तिले." मिठाचा डबा तिच्याच हातात होता, तो घेऊन ती चुलीकडे गेली.