क्रॉफ्टनचे इंजिन: दोन शतकांनंतरही त्याच जागी

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात, केनेट-एव्हन कालव्याच्या काठी, क्रॉफ्टनचे विटांचे पंपघर उभे आहे. बोल्टन आणि वॉट यांच्या कारखान्याने बनवलेले वाफेचे इंजिन १८१२ साली येथे बसवले गेले, आणि ज्या कामासाठी ते आणले तेच काम ते त्याच घरात आजही करू शकते. हा कालवा टेकडी चढून पलीकडे उतरतो. माथा ओलांडणारी प्रत्येक नाव दोन्ही बाजूंच्या जलपाशांतून, म्हणजे नावा वर-खाली करणाऱ्या दारबंद टप्प्यांतून, पाणी खाली सोडत जाते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी सुमारे १२ मीटर खालचे पाणी वर चढवावे लागते.

इंजिनघरात शिरल्यावर प्रथम नजरेत भरते ती ओतीव लोखंडाची प्रचंड तुळई. तिच्या एका टोकाला सिलिंडरमधला दट्ट्या आणि दुसऱ्या टोकाला पंपाचा दांडा जोडलेला असतो. वापरलेली वाफ वेगळ्या पात्रात थंड केली की तिचे पाणी होते आणि मागे जवळजवळ पोकळी उरते. दट्ट्याला खाली ओढण्यात या पोकळीचा मोठा वाटा असतो. वॉटने १७६९ मध्ये पेटंट घेतले ते याच कल्पनेचे. दर फेरीला सुमारे एक टन पाणी वर येते, तेही घाईगर्दी न करता.

केनेट-एव्हन कालव्यासाठी झटणाऱ्या मंडळींनी १९६८ मध्ये हे पंपघर विकत घेतले आणि १९७० मध्ये इंजिन पुन्हा वाफेवर चालवले. एरवी पाणी चढवण्याचे काम विजेचे पंप करतात. इंजिन ठरावीक दिवशीच चालते. मात्र त्या दिवसांची तयारी फार आधी सुरू होते. थंड लोखंडावर गरम वाफ एकदम सोडली, तर पातळ भाग लवकर आणि जाड भाग उशिरा प्रसरण पावतो व ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो. शिवाय थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होऊन साचते. पाणी दाबले जात नसल्यामुळे दट्ट्या त्यावर आदळला तर सिलिंडरचे झाकण फुटू शकते, म्हणून आधी निचऱ्याचे कॉक उघडून ते काढून टाकावे लागते. बॉयलरच्या दाबचाचणीतही पाणीच वापरतात, वाफ नव्हे: पत्रा फाटलाच तर पाण्याचा दाब क्षणात ओसरतो, दाबलेली वाफ मात्र प्रसरण पावत स्फोट घडवते.

चालवले की झीज होणारच, हा आक्षेप खरा आहे. लंडनच्या विज्ञान संग्रहालयातील १७७७ चे ‘ओल्ड बेस’ इंजिन स्थिर ठेवले आहे, कारण वॉटच्या सुरुवातीच्या काळातील मूळ भाग एकदा गेले की परत मिळत नाहीत. मला दोन्ही निर्णय योग्य वाटतात. दट्ट्याच्या दांड्याभोवतीचे, वाफ गळू न देणारे पॅकिंग मुळातच झिजण्यासाठी असते, ते बदलल्याने इतिहास पुसला जात नाही. तुळई किंवा सिलिंडर बदलणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि असा प्रत्येक बदल तारखेसह लिहून ठेवला पाहिजे.

सर्वांत मोठा धोका मात्र इंजिन थांबल्यावरच असतो. वाफ ओसरताच आत ओल धरते, हवेतला ऑक्सिजन तिला मिळतो आणि गंज चढू लागतो. म्हणून पाहुणे गेल्यानंतरही काम संपत नाही: पाण्याचा निचरा करून, उघडे पोलाद पुसून त्यावर तेलाचा पातळ थर दिल्यावरच दिवे मालवायचे असतात.