रिकाम्या सॉकेटचं गणित

आयबीएमने १९८१ मध्ये आपला पहिला पीसी आणला, तेव्हा मदरबोर्डवर इंटेल ८०८८ प्रोसेसरच्या शेजारी एक सॉकेट मुद्दाम रिकामं सोडलं होतं. ती जागा ८०८७ या मॅथ कोप्रोसेसरची. ८०८८ला गुणाकार-भागाकार येत, पण फक्त पूर्णांकांचे. दशांश चिन्ह आलं की काम ८०८७चं. ही चिप महाग, त्यामुळे बहुतेक घरांत आणि ऑफिसांत सॉकेट रिकामंच राहिलं. तरीही त्या पीसींवर वर्गमूळं निघत होती, व्याजाचे तक्ते तयार होत होते. हे करायचा एम्युलेटर, म्हणजे कोप्रोसेसरचं काम पूर्णांकांच्या हिशोबातून उरकणारा प्रोग्राम.

उरकणारा म्हटलं, पण त्याची दमछाक बघा. ८०८७ आतमध्ये प्रत्येक संख्या ८० बिटांत ठेवतो: १ बिट चिन्हाचा, १५ घातांकाचे, ६४ प्रत्यक्ष अंकांचे. ८०८८चं रजिस्टर, म्हणजे हिशोबाची संख्या धरून ठेवणारी आतली जागा, मात्र १६ बिटांचं. म्हणजे ६४ बिटांचे चार तुकडे आले. दोन संख्यांचा गुणाकार करायचा तर शाळेत चार आकडी संख्यांचा मांडतो तसाच मांडायचा: प्रत्येक तुकडा प्रत्येक तुकड्याशी, एकूण १६ गुणाकार, आणि त्यातल्या एकेकाला सव्वाशेच्या आसपास क्लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके. वर हातचे सांभाळा, घातांकांची बेरीज करा, उत्तर जागेवर सरकवा, शेवटचा बिट नीट राउंड करा. इंटेलने स्वतःच छापलेल्या आकड्यांनुसार, ५ मेगाहर्ट्झवर असा एक गुणाकार करायला ८०८७ला २७ मायक्रोसेकंद लागत, एम्युलेटरला २,१००. वर्गमूळाला ३६ विरुद्ध १९,६००! पाचशेपटींहून जास्त फरक.

मला मात्र वेगापेक्षा दुसरी गोष्ट जास्त आवडते. कोप्रोसेसर नसताना त्याची सूचना समोर आली, तर ८०८८ तक्रारसुद्धा करत नाही. सरळ पुढे जातो आणि उत्तराच्या जागी कचरा राहतो. मग एकच प्रोग्राम दोन्ही प्रकारच्या मशीनवर चालवायचा कसा? मायक्रोसॉफ्ट आणि बोरलँडच्या कंपायलरांनी, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामचं मशीनच्या सूचनांत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामांनी, यावर नामी युक्ती काढली. ८०८७च्या बऱ्याच सूचनांची सुरुवात सोळा-आधारी पद्धतीत ‘९बी डी८’ अशा दोन बाइटांनी होते: पहिला ‘थांब’, दुसरा ‘कोप्रोसेसर, हे तुझं काम’. त्यांच्या जागी लिहायचे ‘सीडी ३४’, म्हणजे ‘३४ नंबरचा इंटरप्ट चालव’; इंटरप्ट म्हणजे हातातलं काम थांबवून ठरलेल्या दुसऱ्या प्रोग्रामकडे वळणं. तेही दोनच बाइट, त्यामुळे पुढचं काहीही जागेवरून हलत नाही. इंटरप्ट चालला की एम्युलेटर जागा होतो. चिप नसेल तर हिशोब स्वतः करतो. चिप असेल तर मागे जाऊन ते दोन बाइट पुन्हा ‘९बी डी८’ करून टाकतो आणि तीच सूचना नव्याने चालवायला लावतो. पुढच्या वेळी त्या ओळीवर एम्युलेटरची गरजच नाही. स्वतःचीच गच्छंती करणारा असा प्रोग्राम विरळाच.

८०२८६पासून ही कसरत सोपी झाली. प्रोसेसरमधला ‘ईएम’ नावाचा एक बिट चालू केला की कोप्रोसेसरची कुठलीही सूचना आपोआप ७ नंबरच्या इंटरप्टकडे वळते. मूळ प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बिल मेत्झेन्थेन या ऑस्ट्रेलियन माणसाने लिहिलेला एम्युलेटर याच वाटेने चालतो. इंटेलने १९८९ मध्ये कोप्रोसेसर ४८६च्या पोटातच घातला, तेव्हा एम्युलेटरचे दिवस भरले असं वाटलं होतं; पण १९९१ मध्ये तोच भाग बंद ठेवून ४८६एसएक्स स्वस्तात विकायला काढला. नंतर ज्यांना कोप्रोसेसर हवासा वाटला त्यांना ४८७एसएक्स घ्यावा लागे. तो आतून अख्खा ४८६च. बसवला की जुना प्रोसेसर नुसता शोभेला. ही खास व्यापारी अक्कल!

१९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातला दोष उघड झाला. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर १.३३३८२०… यायला हवं, सदोष चिप १.३३३७३९… सांगायची. लिनक्सला सुरू होताना ‘नो३८७’ असा पर्याय देता येत असे: चिपमधलं गणित बाजूला ठेवा, एम्युलेटर वापरा. पूर्णांकांच्या भागाकारात तो दोष नव्हता. तेव्हा त्याच पेंटियमवर हा मंद गडी उशिरा का होईना, १.३३३८२० देत असे.