विमान किती किलोमीटर हवा कापतं?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे मुक्कामाचं शहर आपणच सरकत येतं, असा मजकूर मोबाइलवर अधूनमधून फिरतो. तो साफ चुकीचा आहे. मुंबईची धावपट्टी, तिच्यावर उभं असलेलं विमान आणि भोवतालची हवा, सगळंच ताशी सुमारे १,५८० किमी वेगानं पूर्वेकडे चाललेलं असतं. चाकं जमिनीवरून सुटली म्हणून हा वेग सुटत नाही. लंडनला जाताना तर परतीपेक्षा वेळ जास्तच लागतो.

फरक पडतो तो वाऱ्यानं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात त्याचा गाभा ताशी २०० किमी सहज ओलांडतो. विमानाचा ताशी ९०० किमी हा वेग हवेच्या सापेक्ष असतो. ती हवाच पुढे सरकत असेल, तर जमिनीवरून कापलेलं अंतर वाढतं.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे पृथ्वीगोलावरचं सर्वांत जवळचं अंतर सुमारे १२,४०० किमी. ही रेषा सायबेरिया आणि अलास्कावरून, ७५ अंश उत्तरेपर्यंत चढून जाते. एअर इंडियाचं विमान मात्र आधी पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जाई: सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीनं वारा पाठीशी घेऊन पूर्वेकडे, पॅसिफिकवरून जाणारा १५,३०० किमीचा मार्ग धरला. वाट १,४०० किमीनं वाढली आणि प्रवास जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला! आता गणित करा. १५,३०० भागिले १४.५, म्हणजे जमिनीवरचा वेग ताशी १,०५५ किमी. पण साडेचौदा तास ताशी ९००नं विमानानं हवा कापली ती फक्त १३,०५० किमी. उरलेले सव्वादोन हजार किलोमीटर वाऱ्यानं वाहून नेलं. इंधन जळतं ते या हवेतल्या अंतराच्या हिशेबानं.

मग जाता-येता फिट्टंफाट होते का? नाही. मुंबई–लंडन ७,२०० किमी धरा. वारा नसेल तर ८ अधिक ८, असे १६ तास. ताशी १०० किमी वारा असेल तर समोरून ९ तास, पाठीवर घेऊन ७ तास १२ मिनिटं. एकूण १६ तास १२ मिनिटं. समोरचा वारा विमानाला जास्त वेळ अडवतो आणि पाठीचा कमी वेळ ढकलतो, म्हणून तोटा राहतोच. वारा तिरका असला तर नाक वाऱ्याकडे वळवून उडावं लागतं, त्यातही थोडा वेग खर्ची पडतो.

फेब्रुवारी २०२०मध्ये एक जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला, म्हणून त्यानं ध्वनीलाही मागे टाकलं असं बोललं गेलं. भोवतीच्या हवेच्या सापेक्ष ते नेहमीच्याच वेगानं, म्हणजे ध्वनीपेक्षा हळूच उडत होतं.

तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. घरी अंदाज बांधायचा तर अंतर भागिले ९०० करून टॅक्सिंग (विमानाचं विमानतळावर चाकांवरून जाणं-येणं), चढण-उतरणीसाठी निदान अर्धा तास मिळवा, आणि वाऱ्याची दिशा पाहा.