टाळूचं भोक: एका हट्टी जखमेची पार्श्वभूमी

मराठीत टाळू दोन. एक बाळाच्या डोक्यावरची, न्हाऊ घालताना तेलाने भरतात ती. दुसरा तोंडाच्या छताचा, ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ या म्हणीतला. हे टिपण दुसऱ्याविषयी आहे, पण अर्ध्या वाटेवर पहिलीचाही संबंध येतो.

खानदेशात आजही गरोदर बाईला ग्रहणात विळीला हात लावू देत नाहीत. तरीही हजार जन्मांमागे एखाद-दोन बाळं ओठ किंवा टाळू दुभंगलेली जन्मतात, आणि मग घरातले मायलाच विचारतात, “त्या दिवशी काय चिरलं होतंस?” हा प्रश्न कुणी विचारू नये. त्याचं उत्तर विळीत नाही, हे उंदरांनी स्पष्ट दाखवलं. त्याकडे पुढे येतोच.

टाळूचं ऑपरेशन साधारण वर्ष-दीड वर्षाच्या वयात होतं. बहुतेकांचं नीट भरून येतं. पण काही मुलांच्या टाळूला शिवलेल्या जागी पुन्हा भोक पडतं. डॉक्टर त्याला फिस्टुला म्हणतात, घरचे म्हणतात, “पाणी नाकातून येतं.” बोलणं गेंगाणं राहतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून धुळ्याला किंवा नाशिकला दुसऱ्यांदा जायचं म्हणजे मजुरी बुडते. कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं असेल, तर तेही होत नाही.

इथे एक कोडं आहे. गरम चहाने टाळू पोळला तर चार दिवसांत आपण विसरूनही जातो, कातडीवरची तेवढीच जखम मात्र डाग ठेवते. तोंड इतक्या चटकन भरत असेल, तर सर्जनने काळजीपूर्वक शिवलेला टाळू का उसवतो?

आधी शिवण्याचा इतिहास. १८१६ मध्ये बर्लिनला सर्जन ग्रेफे यांनी मऊ टाळू, म्हणजे मागचा हाड नसलेला भाग, शिवला. १८१९ मध्ये पॅरिसला फिलिबेर रू यांनी जॉन स्टीफन्सन या वैद्यकीच्या विद्यार्थ्यावर ऑपरेशन केलं, तेही भूल नसण्याच्या काळात. पुढे याच स्टीफन्सनने माँट्रियलला वैद्यकीय शाळा उभारण्यात हातभार लावला. तीच मॅकगिल विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय झाली. कडक, म्हणजे पुढच्या हाडाच्या टाळूचा प्रश्न मात्र १८६१ पर्यंत अवघड राहिला. त्या वर्षी लांगेनबेक यांनी हाडावरचं आवरण आणि त्यावरची त्वचा एकाच थरात सोडवून दोन्ही बाजूंनी मध्ये सरकवायची पद्धत मांडली. आजची बहुतेक तंत्रं तिचीच नातवंडं आहेत.

पण थर मध्ये सरकला की कडेला हाड उघडं पडतं. ती जागा आपोआप भरते, आणि भरताना वण हाडाला घट्ट धरून बसतो. मूल वाढतं, वण वाढत नाही. वरचा जबडा मागे राहतो, दातांची कमान अरुंद होते. दोष मुळात दुभंगण्याचा की शिवण्याचा, यावर सर्जन वर्षानुवर्षं वाद घालत होते. १९८० च्या दशकात श्रीलंकेत मायकेल मार्स आणि सहकाऱ्यांनी कधीच ऑपरेशन न झालेले मोठे रुग्ण तपासले, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांचा वरचा जबडा जवळजवळ पूर्ण वाढलेला दिसला. मला हा या विषयातला सगळ्यात अस्वस्थ करणारा शोध वाटतो. उपचार थांबवता येत नाहीत, कारण बोलणं हवंच, आणि उपचारच वाढ अडवतात. म्हणजे शिकायचं ते वणाविषयी. नेदरलँड्समध्ये त्यासाठी बीगल कुत्र्यांच्या पिल्लांवर अभ्यास झाले.

उंदीर या गोष्टीत आधीच आला होता, तोही स्टीफन्सनच्याच मॅकगिलमध्ये. १९५० मध्ये बॅक्स्टर आणि फ्रेझर यांनी गाभण उंदरिणींना कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, आणि पिल्लं दुभंगलेल्या टाळूची जन्मली. पुढे दिसलं की तोच डोस एका वाणात जवळजवळ सगळ्या पिल्लांना भोवतो, तर सी-५७ या काळ्या वाणात बऱ्याच कमी पिल्लांना. आनुवंशिकता आणि गर्भातली परिस्थिती दोन्ही मिळून टाळू घडवतात, याचा तो पुरावा होता. १९९५ मध्ये टीजीएफ-बीटा-३ हे एकच जनुक बंद केलं तरी उंदराचा टाळू जुळत नाही, हेही कळलं.

हे झालं टाळू घडण्याविषयी. जखमेचा अभ्यास उंदरावर उशिरा आला. २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदराच्या तोंडात आणि कातडीवर सारख्या मापाच्या जखमा करून तुलना केली. तोंडात दाहाच्या पेशी कमी जमत होत्या, आणि भरणं लवकर होत होतं. पण म्हणूनच अडचण होती: फिस्टुला समजून घ्यायचा तर न भरणारी जखम हवी.

ती कल्पना डोक्याच्या हाडावरून, म्हणजे पहिल्या टाळूच्या बाजूने आली. १९८६ मध्ये श्मिट्झ आणि हॉलिंजर यांनी आयुष्यभर आपोआप न भरणाऱ्या सर्वांत लहान भोकाचं माप ठरवण्याची गरज मांडली. कवटीवर ते माप रूढ झालं. तोच विचार तोंडाच्या टाळूकडे नेला गेला. अटलांटातल्या इमोरी विद्यापीठातल्या गटाने उंदराला भूल देऊन कडक टाळूच्या मधोमध दीडेक मिलिमीटरचं, थेट नाकात उघडणारं भोक करण्याची पद्धत बसवली. लहान भोक बुजतं, त्या मापाचं उघडं राहतं. मग त्यावर औषध भिजवलेला पातळ पडदा ठेवून बघता येतं. त्यांनी फिंगोलिमोड वापरलं. ते मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं औषध, इथे मात्र जखम भरणाऱ्या पेशींना बोलावण्यासाठी.

जनावराला भोक पाडणं वाचताना जीव कळवळतो, आणि कळवळावाच. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी सांगितलेली तत्त्वं म्हणजे शक्य तिथे पर्याय शोधणं, प्राण्यांची संख्या कमी ठेवणं, वेदना कमी करणं. भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीच्या परवानगीशिवाय असं काम करता येत नाही.

उंदराच्या मर्यादाही मोठ्या आहेत. त्याचं भोक निरोगी टाळूला पाडलेलं असतं. बाळाचा टाळू मुळात जुळलेलाच नसतो. उंदीर बोलत नाही, त्यामुळे गेंगाणेपणा मोजायचा कसा? आणि त्याची वाढ आठवड्यांत उरकते, मुलाचा जबडा सतरा-अठरा वर्षांपर्यंत वाढतो.

तोवर मोठ्या, पुन्हा पुन्हा उघडणाऱ्या फिस्टुलासाठी सर्जनकडे एक जुना उपाय आहे: जिभेचा पट्टा सोडवून टाळूला शिवायचा, दोन-तीन आठवड्यांनी तो तिथे रुजला की जिभेपासून कापायचा. ते दिवस मूल जीभ टाळूला बांधलेल्या अवस्थेत, पातळ पेजेवर आणि दुधावर काढतं.