पडदा, नेपथ्य आणि प्रेक्षकाची नजर : राइडमधील दृश्यपरिणामांची पार्श्वभूमी

नव्या राइडची घोषणा झाली, की थीम पार्कच्या चाहत्यांमधला पहिला वाद बहुधा ठरलेला असतो : तिच्यात चित्रफीत दाखवणारे पडदे किती आणि प्रत्यक्ष उभारलेले नेपथ्य किती? पडद्यांना कंटाळलेला मोठा वर्ग हलत्याबोलत्या पुतळ्यांची आणि खऱ्याखुऱ्या दृश्यांची बाजू घेतो, तर दुसरा वर्ग पडद्यावाचून दाखवताच येणार नाहीत अशा गोष्टींची यादी पुढे करतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे. मात्र या तंत्रांचा इतिहास पाहिला, तर वादाच्या मुळाशी एक अधिक जुना प्रश्न सतत दिसतो आणि माझ्या मते राइडची गुणवत्ता त्याच्याच उत्तरावर ठरते : प्रेक्षकाचा डोळा त्या क्षणी नेमका कुठे आहे, तो कोणीकडे पाहत आहे आणि यावर रचनाकाराचा ताबा किती आहे?

हा प्रश्न रंगभूमीला आधी पडला होता. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी हेन्री डर्क्स यांच्या मूळ कल्पनेत सुधारणा करून रंगमंचावर भूत आणले. रंगमंचाच्या पुढल्या बाजूस तिरकी बसवलेली मोठी काच, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खालच्या जागेत प्रखर उजेडात उभा असलेला नट आणि त्याचे काचेत पडणारे प्रतिबिंब, एवढीच त्यामागची सामग्री होती. काचेपलीकडचा जिवंत नट आणि काचेतले भूत प्रेक्षकाला एकाच जागी उभे दिसत. मात्र त्यासाठी प्रेक्षक आपल्या खुर्चीत, काचेशी ठरलेल्या कोनातच बसलेला असणे आवश्यक होते.

प्रेक्षकाची खुर्चीच हलवण्याचे धाडस पुढे जागतिक प्रदर्शनांनी केले. १९०१ साली बफेलो येथील पॅन-अमेरिकन प्रदर्शनात फ्रेडरिक थॉम्पसन यांनी 'अ ट्रिप टू द मून' ही राइड उभारली. तिच्यात प्रवासी पंख फडफडवणाऱ्या, डोलणाऱ्या हवाई जहाजात बसत आणि सरकती रंगवलेली दृश्ये, प्रकाश व वारा यांच्या साह्याने त्यांना चंद्रावर निघाल्याचा भास होई. १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात जॉर्ज हेल यांनी याच कल्पनेला चित्रपटाची जोड दिली. कॅन्सस सिटीच्या अग्निशमन दलाचे माजी प्रमुख असलेल्या हेल यांनी प्रेक्षकांना रेल्वेच्या डब्यासारख्या खोलीत बसवले आणि धावत्या गाडीच्या पुढच्या टोकावरून टिपलेली चित्रफीत समोरच्या पडद्यावर दाखवली. डबा हलवला जाई, चाकांचा खडखडाट ऐकवला जाई. कॅमेऱ्याची जागा हीच प्रेक्षकाची जागा, हे सिम्युलेटरचे, म्हणजे जागेवर बसवूनच प्रवासाचा भास देणाऱ्या यंत्राचे, मूळ सूत्र येथे पूर्णपणे साकारले होते. पडदा आधुनिक आणि नेपथ्य पारंपरिक, ही आजची समजूत त्यामुळे फारशी टिकत नाही, कारण राइडमधला पडदाही शंभर वर्षांहून जुना आहे.

१९५५ साली डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा तेथील अंधाऱ्या राइडमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारे रंग वापरले होते. १९६३ मध्ये ध्वनीशी जुळवलेल्या हालचाली करणारे यांत्रिक पक्षी आले, पाठोपाठ १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात लिंकन यांचा उठून भाषण करणारा पुतळा आला. ॲनिमेट्रॉनिक्सच्या, म्हणजे यंत्राने हलणाऱ्या पुतळ्यांच्या, या यशाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने १९६७ मध्ये प्रथम वापरल्या गेलेल्या ऑम्निमूव्हर या वाहनव्यवस्थेची चर्चा कमी होते, आणि हे मला अन्यायाचे वाटते. सलग साखळीत, न थांबता चालणाऱ्या या आसनांची पाठ उंच आणि बाजू बंदिस्त असतात. शिवाय प्रत्येक आसन वाटेत ठरलेल्या जागी ठरलेल्या दिशेला वळते. चित्रपटात दिग्दर्शक कॅमेरा वळवतो, तसे येथे रचनाकार प्रेक्षकालाच वळवू शकत होता.

त्याचा सर्वोत्तम वापर १९६९ साली डिस्नेलँडमध्ये सुरू झालेल्या 'हाँटेड मॅन्शन' या भुतांच्या वाड्याच्या राइडमध्ये झाला. तिथल्या नृत्यदालनातली भुते हे पेपर यांचेच तंत्र आहे, फक्त आकार प्रचंड आहे. प्रेक्षकांची आसने सज्जासारख्या उंचीवरून भल्यामोठ्या काचांसमोरून सरकतात, खरे पुतळे त्यांच्या वर आणि खाली, नजरेआड असतात आणि त्यांची प्रतिबिंबे पलीकडच्या खऱ्या दालनात नाचताना दिसतात. प्रेक्षक हलत असूनही आभास मोडत नाही, कारण ही प्रतिमा सपाट पडद्यावर उमटलेली नसून पुतळ्याच्या काचेपासूनच्या अंतराइतकीच ती काचेमागे खोल दिसते आणि डोळा सरकेल तसा तिचा कोनही बदलतो. नृत्य करणाऱ्या जोड्यांमध्ये स्त्री पुरुषाला नेताना दिसते, हा प्रतिबिंबामुळे झालेला डाव्याउजव्याचा उलटफेर चाहत्यांनी केव्हाच हेरला आहे. पन्नास वर्षांनंतरही हे दालन ताजे वाटते, याचे श्रेय काचेइतकेच प्रेक्षकाच्या आखून दिलेल्या मार्गालाही द्यायला हवे.

पडद्याचे दुसरे पर्व विमानोद्योगामुळे सुरू झाले. टायरच्या चाचणीसाठी एरिक गॉफ यांनी बनवलेल्या सहा दांड्यांच्या यंत्रासारखीच रचना डी. स्ट्युअर्ट यांनी १९६५ च्या निबंधात उड्डाण-सिम्युलेटरसाठी सुचवली होती. वैमानिकांच्या प्रशिक्षणातला हा हलता मंच १९८७ साली डिस्नेलँडच्या 'स्टार टूर्स'मध्ये आला. त्यातली युक्ती शरीराला फसवण्याची आहे. पडद्यावर वेग वाढतो तेव्हा केबिन मागे कलते, शरीराचा भार पाठीवर येतो आणि डोळ्यांना कलण्याचा कोणताही पुरावा मिळत नसल्याने मेंदू त्या भाराचा अर्थ वेग असा लावतो. त्यानंतर केबिन जाणवणार नाही इतक्या सावकाश पूर्वस्थितीत येते. चित्र आणि हालचाल यांचा मेळ किंचित चुकला, तरी मळमळ सुरू होते. १९९१ मध्ये युनिव्हर्सलच्या फ्लोरिडातील पार्कमध्ये डग्लस ट्रम्बल यांच्या दिग्दर्शनाखाली केबिनच्या भिंती काढून टाकल्या गेल्या आणि उघड्या गाड्या घुमटाकार पडद्यासमोर उचलल्या गेल्या, त्यामुळे पडद्याची कडाच नजरेतून गेली.

येथपर्यंत सिम्युलेटर एकाच जागी खिळलेला होता. तो हलवणे फार अवघड होते, कारण सपाट पडद्यावरचे यथादर्शन, म्हणजे चित्रातला खोलीचा आणि अंतराचा भास, एका ठरावीक बिंदूवरूनच बरोबर दिसते. प्रेक्षक बाजूला सरकला, की इमारती वाकतात, रस्ते तिरपे होतात. १९९९ साली ऑर्लँडोच्या आयलँड्स ऑफ ॲडव्हेंचर पार्कमधील स्पायडर-मॅन राइडने या अडचणीवर दिलेले उत्तर मला या संपूर्ण इतिहासातले सर्वांत बुद्धिमान वाटते. गाडी पडद्यासमोरून कोणत्या वाटेने, केव्हा आणि कशी जाणार हे आधीच ठाऊक असल्याने, प्रत्येक क्षणी प्रेक्षकाचा डोळा जिथे असेल तिथून चित्र बरोबर दिसावे अशा बेताने ते मुद्दाम विकृत करून रंगवले गेले. स्थिर उभ्या माणसाला ती चित्रफीत वेडीवाकडी दिसेल, पण गाडीतल्याला ती त्रिमितीत खरी वाटते. त्यात पडद्यांच्या आजूबाजूला खरे नेपथ्यही रचलेले असल्याने एक कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते ते कळत नाही. २०१२ मध्ये तिचे चित्रण नव्याने, अधिक सुस्पष्ट केले गेले, पण मूळ गणित तेच राहिले.

२००० साली टोकियो डिस्नेलँडमधील 'पूज हनी हंट'ने रूळ दिसेनासे केले. तिच्यातल्या गाड्या एकमेकींभोवती फिरतात, वेगवेगळ्या वाटा धरतात, त्यामुळे पुढे काय येणार याचा अंदाज रुळांवरून बांधण्याची सोय उरत नाही. २०१० मध्ये आयलँड्स ऑफ ॲडव्हेंचरमधील हॅरी पॉटर राइडने कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या, कुका कंपनीच्या यंत्रहाताच्या टोकाला चार आसने बसवली आणि हे हात मार्गावरून पुढे सरकू लागले. पडद्याचे प्रसंग येतात तेव्हा तिथे घुमटाकार पडदेच फिरत्या चक्रावर बसवलेले असतात आणि ते प्रवाशांबरोबर पुढे जातात. डोळा आणि चित्र यांच्यातले अंतर कायम राखण्यासाठी येथे पडदाही प्रवासाला निघाला.

या यशानंतर पडद्यांचा वापर झपाट्याने वाढला, आणि अनेक ठिकाणी तो स्पायडर-मॅन राइडमधल्या काळजीने झाला नाही. गाडी थांबते, पडद्यावर मारामारी होते, गाडी पुढे जाते, या साच्याचा चाहत्यांना वीट आला तर नवल नाही. पण प्रत्यक्ष यंत्रणेलाही मर्यादा आहेत. २००६ साली डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये सुरू झालेल्या 'एक्सपिडिशन एव्हरेस्ट'मधला प्रचंड यती काही महिन्यांतच हलायचा थांबला आणि त्यानंतर अनेक वर्षे लुकलुकत्या दिव्यांनी त्याच्या हालचालीचा भास दिला गेला. चाहते त्याला 'डिस्को यती' म्हणतात. आभासी वास्तवाचे चष्मे हा तिसरा मार्ग २०१५ पासून युरोपा-पार्कसारख्या ठिकाणी रोलर कोस्टरवर आजमावला गेला. त्यात डोळ्यांवर पूर्ण ताबा मिळतो, पण चष्मे देणे, पुसणे, घट्ट बसवणे यांत रांग रेंगाळते आणि शेजारी बसलेला सोबतीही दिसेनासा होतो.

अलीकडचे प्रयोग म्हणूनच मिश्रणाकडे वळले आहेत. २०१९ च्या 'मिलेनियम फाल्कन : स्मगलर्स रन'मध्ये चित्रफीत आधीपासून तयार नसते, प्रवाशांनी यान जसे चालवले, त्यानुसार संगणक त्याच क्षणी दृश्य रेखाटतो. २०२१ मध्ये ओसाका येथे सुरू झालेल्या मारिओ कार्ट राइडमध्ये खऱ्या नेपथ्यावर पारदर्शक चष्म्यातून आभासी पात्रे चढवली जातात, म्हणजे पेपर यांची काच आता प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आली आहे. आणि मे २०२५ मध्ये ऑर्लँडोत उघडलेल्या एपिक युनिव्हर्समधील 'मॉन्स्टर्स अनचेन्ड'मध्ये कुका हातांवरची आसने पडद्यांऐवजी प्रामुख्याने हलत्या ॲनिमेट्रॉनिक राक्षसांसमोर नेली जातात. आसन आणि पुतळा दोन्ही एकाच वेळी हलत असताना प्रवाशाची नजर ऐन क्षणी पुतळ्याच्या चेहऱ्यावर कशी आणायची, हे तिथले खरे काम आहे, आणि चाहत्यांच्या आजच्या चर्चेत या कामाची पारख मला पूर्वीपेक्षा अधिक बारकाईने होताना दिसते.