होडीवरचा इन्व्हर्टर

होडी, लाँच किंवा तराफ्यावरच्या बॅटरीतली 12 किंवा 24 व्होल्टची डीसी (एकाच दिशेनं वाहणारी) वीज घेऊन तिची 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची एसी (दिशा सतत बदलणारी) वीज करून देणारं यंत्र, आणि ते होडीच्या वायरिंगला जोडायची पद्धत. मराठवाड्यात लोडशेडिंगनं इन्व्हर्टर घरोघरी पोचवला, बॅटरीत डिस्टिल वॉटर टाकणं पोरांनाही येतं, त्यामुळे तो वापरायचा कसा हे इथं सांगत बसत नाही. पण घरातलं वायरिंग जसंच्या तसं पाण्यावर नेलं की ते जीवावर बेतू शकतं, म्हणून जोडणीवरच जास्त लिहिलंय.

या यंत्राचा उगम कुठून धरायचा यावर दोन मतं आहेत. चार्ल्स ब्रॅडली यांनी 1888 च्या सुमारास रोटरी कन्व्हर्टर काढला, तो मुळात एसीची डीसी करायचा पण उलटा चालवला की डीसीची एसी द्यायचा, म्हणून काही अभ्यासक सुरुवात तिथूनच मोजतात. दुसरं मत 1925 चं. त्या वर्षी डेव्हिड प्रिन्स यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या नियतकालिकात फिरता भाग नसलेलं, नुसत्या व्हाल्व्हवर (वीज चालू-बंद करणाऱ्या नळ्यांवर) चालणारं सर्किट मांडलं. हे मत जास्त पटण्यासारखं आहे कारण आलटून पालटून स्विच चालू-बंद करायचं आजचं तत्त्व त्यात स्पष्ट दिसतं, पुढं व्हाल्व्ह गेले आणि 1957 नंतर थायरिस्टर आले, मग मॉसफेट (दोन्ही सेमीकंडक्टरचे स्विच), एवढाच फरक. होडीवरची वीज मात्र याहून जुनी. मोरिट्झ याकोबी या इंजिनिअरनं सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत बॅटरीवर होडी चालवली (काहीजण 1838 धरतात, काही 1839), पण तिची मोटर थेट डीसीवर होती, सबब तिला इन्व्हर्टरच्या वंशावळीत घेत नाहीत.

मराठवाड्यात हा विषय धरणांपाशी येतो. गोदावरीवरचा पैठणचा नाथसागर (जायकवाडी, पायाभरणी 1965, लोकार्पण 1976), पूर्णेवरचं येलदरी, सिंदफणेवरचं माजलगाव, नांदेडचं विष्णुपुरी. मासेमारीच्या साध्या होडीला इन्व्हर्टर लागतच नाही. 12 व्होल्टचा एलईडी दिवा, मोबाईल चार्जर, पाणी उपसायचा छोटा पंप हे सगळं थेट बॅटरीवर चालतं आणि तसंच चालवावं, उगाच डीसीची एसी करून परत डीसी करण्यात वीज वाया जाते. स्पीकर, टेबल फॅन, लॅपटॉप, हँड ड्रिल अशी 230 व्होल्टची वस्तू होडीवर न्यायचीच असेल तेव्हाच हा खटाटोप.

लोकांचं सगळं लक्ष इन्व्हर्टर किती वॅटचा घ्यायचा याकडं असतं आणि खरी गोम असते बॅटरीकडच्या वायरीत. 1000 वॅटचा लोड 230 व्होल्टला जेमतेम साडेचार अँपिअर ओढतो, तोच लोड 12 व्होल्टच्या बाजूला, इन्व्हर्टरमधली घट धरून, 95 ते 100 अँपिअर ओढतो. बॅटरीपासून इन्व्हर्टर 3 मीटरवर असला तर जाऊन-येऊन 6 मीटर तांबं झालं. 16 चौरस मिलिमीटरच्या वायरीत एवढ्या करंटला साधारण 0.65 व्होल्ट वाटेतच पडतात, 35 च्या वायरीत 0.3. बॅटरी चांगली असून लो बॅटरीचा आवाज येतो तो बऱ्याचदा याच्यामुळे. तेव्हा इन्व्हर्टर बॅटरीजवळ, वायर जाड आणि आखूड, लग (वायरीच्या टोकाचा धातूचा कान) क्रिम्पिंग टूलनं दाबलेला. हातोडीनं चेपलेल्या लगमध्ये तारांच्या मधी फट राहते, तिथं ओल शिरून तांबं आधी काळं मग हिरवं पडतं, जोड गरम होतो, इन्सुलेशन वितळून लगला चिकटतं. फ्यूज पॉझिटिव्हला, बॅटरीपासून वीतभराच्या आत. इन्व्हर्टरच्या आतला फ्यूज इन्व्हर्टरपुरता, मधली वायर घासून शॉर्ट झाली तर लेड ॲसिड बॅटरी हजारांत अँपिअर सोडू शकते आणि होडीत पेट्रोलचा कॅन तिथंच असतो. चार्जिंगला बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून बॅटरीची पेटी हवेशीर पाहिजे आणि इन्व्हर्टर तिच्या बरोबर वर नको.

अर्थिंग हा सगळ्यात वादाचा भाग. घराला जमिनीत पुरलेली अर्थिंगची पट्टी असते, फायबरच्या होडीखाली नुसतं पाणी. एक मत असं की एकच वस्तू चालवायची तर आऊटपुट कशालाच न जोडता तरंगतं ठेवावं, पहिल्या बिघाडाला झटका बसत नाही. दुसरं मत न्यूट्रल आणि अर्थची वायर इन्व्हर्टरपाशी एकाच जागी जोडून पुढं 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवावा असं. बोर्डावर दोन-चार पॉइंट असतील तर दुसरंच धरलेलं बरं, कारण तरंगत्या जोडणीत पहिला बिघाड कळतच नाही आणि न्यूट्रल-अर्थ जोडलेले नसतील तर बॉडीला वीज उतरली तरी आरसीसीबी ट्रिप होईलच असं नाही. इथं एक अडचण आहे. स्वस्तातल्या, शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर) नसलेल्या पुष्कळ इन्व्हर्टरना न्यूट्रल असा नसतोच, दोन्ही टोकं जिवंत असतात, त्यातलं एक अर्थला जोडलं तर इन्व्हर्टर जळतो. त्यामुळे कंपनीचं माहितीपत्रक बघितल्याशिवाय हात लावू नये. समुद्रापेक्षा धरणाचं गोडं पाणी यात जास्त धोक्याचं, ते वीज कमी वाहून नेतं, माणसाच्या अंगात क्षार असतात म्हणून पाण्यातल्या माणसाच्या अंगातून करंटला वाट सोपी पडते, हातपाय आखडतात आणि पोहता येणारा माणूसही बुडतो. लहान बोटींच्या विजेसाठी आयएसओ 13297 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

चार्जिंगचं थोडक्यात. होडीच्या मागं बाहेरून लावलेल्या छोट्या आऊटबोर्ड इंजिनाला अल्टरनेटर नसतो किंवा असला तरी थोडेच अँपिअर देतो, म्हणून सोलर पॅनल. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी निम्मी वापरायची म्हटली तर 100 वॅटचा लोड सात तासांच्या आसपास चालतो. इथल्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो तेव्हा बऱ्याच इन्व्हर्टरची ताकद उतरते, बॅटरीचं आयुष्यही घटतं, पेटीला सावली हवी. धरणाचं पाणी मागं सरकून होडी महिनोन्‌महिने काठावर पडते तेव्हा इन्व्हर्टर लोड नसतानाही 10-20 वॅट खात राहतो, बॅटरी पार उतरून प्लेटांवर सल्फेट धरतं. म्हणून होडी बांधली की आधी निगेटिव्हची वायर काढायची, बॅटरी घरी नेऊन फुल चार्ज करून ठेवायची.