आयटीआय झालं, आता पहिली नोकरी : बायोडाटा करायला येण्याआधी हे वाचा

आमच्याकडे बायोडाटा टाइप करायला आणि ऑनलाइन अर्ज भरायला येणाऱ्यांत आयटीआय झालेली मुलं-मुली सगळ्यांत जास्त. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वेल्डर. भोसरी, चाकण, रांजणगावच्या एमआयडीसीत पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. आम्ही नोकरी लावून देत नाही, कुणाला पाठवतही नाही. कागद आणि अर्ज बिनचूक करून देणं एवढंच आमचं काम, आणि बरेच अर्ज तिथेच अडतात.

आधी नाव नीट करा

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं असतं : पाटील वैशाली रमेश. आधारवर बहुधा वैशाली रमेश पाटील. ऑनलाइन अर्जात पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन वेगळे रकाने असतात. गुणपत्रिका समोर ठेवून घाईत भरलं की ‘पाटील’ हे पहिलं नाव होऊन बसतं. पुढे नोकरी लागल्यावर पीएफसाठी १२ आकडी यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) निघतो तो आधारवरून. नावात किंवा जन्मतारखेत फरक असला की केवायसी (ओळखीची पडताळणी) लटकते, आणि त्याचा त्रास कळतो तो कंपनी बदलताना किंवा पैसे काढताना.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं स्पेलिंग मूळ धरा. त्याप्रमाणे आधार, मग पॅन, मग बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून अंदाजाने दुरुस्ती करून संधी वाया घालवू नका. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर चूक असेल तर आधी आपल्या आयटीआयत विचारा, दुरुस्तीला वेळ लागतो. ते काम पहिल्या दिवशी सुरू करा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत फाइलमध्ये ठेवावी.

बायोडाटा : एक पान, त्यात मशीनची नावं

‘मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड’ ही ओळ आम्ही काढायला सांगतो. मुलगा वाईट आहे म्हणून नाही. ती ओळ प्रत्येकाच्या बायोडाट्यात असते आणि सुपरवायझरला तिच्यातून काहीच कळत नाही. त्याला हवा असतो अमुक मशीनवर उभा करता येईल असा माणूस. म्हणून असं लिहा : ‘लेथवर टर्निंग, फेसिंग, थ्रेडिंग केलं आहे. व्हर्नियर (०.०२ मिमी) आणि मायक्रोमीटर (०.०१ मिमी) वाचता येतो. फॅनुक कंट्रोलवर ऑफसेट टाकता येतो, प्रोग्रॅम लिहिता येत नाही.’ शेवटचा तुकडा मुद्दाम आहे. काय येत नाही हे सांगितलं की जे येतं म्हणता त्यावर विश्वास बसतो, आणि चाचणीत फजिती होत नाही.

वर नाव आणि दोन मोबाइल नंबर, एक तुमचा आणि एक घरातल्या माणसाचा. सध्या राहता कुठे ते गावापेक्षा महत्त्वाचं, कारण कंपनीची बस त्या मार्गाने जाते का हे एचआर आधी बघतो. मग ट्रेड, वर्ष, टक्के. शिफ्टला तयार असाल तर तसं लिहा. धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय यांची गरज नाही. पाठवताना पीडीएफच पाठवा. कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. फाइलच्या नावात स्वतःचं नाव आणि ट्रेड हवा. ‘बायोडाटा फायनल २’ नावाची फाइल समोरच्याला पुन्हा सापडत नाही.

अप्रेंटिसशिप, पण कागदावरची

३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अप्रेंटिस घ्यावेच लागतात. अनुभव नसलेल्याला सगळ्यांत मोठं दार हेच. फक्त एक प्रश्न हमखास विचारा : ‘माझा करार अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवणार का?’ पोर्टलवर करार नसेल तर तुम्ही नुसते ‘ट्रेनी’. वर्षभर काम करूनही अप्रेंटिसच्या परीक्षेला बसता येत नाही आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळत नाही. हे प्रमाणपत्र पुढे कामाला येतं. रेल्वेच्या लेव्हल १ (पूर्वीच्या गट ड) भरतीत २० टक्के जागा रेल्वेच्याच आस्थापनांत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात.

अप्रेंटिसला विद्यावेतन मिळतं, पीएफ कापला जात नाही, आणि वर्ष संपल्यावर कंपनीने कायम करावंच असं बंधन नसतं. हे धरूनच सुरुवात करा, म्हणजे दहाव्या महिन्यापासून पुढचे अर्ज सुरू होतील.

जागा कळते कुठून

नोकरीच्या ॲपवर दिवसाला पन्नास बटणं दाबण्यापेक्षा तीन नेमके अर्ज बरे. तुमच्या आधीच्या दोन बॅचची मुलं कुठे लागली ती यादी करा. आयटीआयच्या वर्कशॉपमधल्या निदेशकांना ती बहुधा पाठ असते. गेटवरचा ‘पाहिजेत’चा बोर्ड अजूनही चालतो, विशेषतः लहान वर्कशॉपमध्ये. सकाळी नऊ ते अकरा जा. भोसरी-पिंपरी भागात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी बसभाडं फुकट जातं.

एक शंभर पानी वही करा. तारीख, कंपनी, कुणाला भेटलो, कुठल्या कामासाठी, पुन्हा कधी फोन करायचा, असे पाच रकाने. आठवड्याने फोन करताना ‘मागे आलो होतो’ म्हणू नका. ‘सोमवारी, फिटरच्या जागेसाठी, अमुक साहेबांना भेटलो होतो’ असं सांगा. आणि अनोळखी नंबर उचला. आलेला फोन दोनदा चुकला की यादीतल्या पुढच्या मुलाला जातो.

चाचणीत काय विचारतात

तोंडी मुलाखत पाच मिनिटांची, खरी परीक्षा हातात वस्तू दिल्यावर. फिटरला मायक्रोमीटर वाचायला देतात, कानशीने (फाइलने) घासून ट्राय स्क्वेअरने काटकोन दाखवायला सांगतात, ड्रॉइंग फर्स्ट अँगल की थर्ड अँगल ते विचारतात. एम १० टॅपसाठी ड्रिल कितीचं? ८.५ मिमी, कारण १० मधून १.५ चा पिच वजा. कारण सांगता आलं तर एम ८ चं (६.८) विचारल्यावरही अडत नाही. इलेक्ट्रिशियनला स्टार-डेल्टा स्टार्टर काढायला सांगतात आणि मोटर आधी स्टारमध्ये का चालवायची ते विचारतात. वेल्डरकडून प्लेटवर वेल्ड करून घेतात. सेफ्टी शूज स्वतःचे असतील तर घालून जा.

पगार : हातात किती ते विचारा

‘सतरा हजार चारशे’ ऐकून घरी पेढे वाटू नका, आधी हिशोब मांडा. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० आहे, बाकी भत्ता नाही. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. ईएसआय (कामगार विमा) ०.७५ टक्के, ११३. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, महिलांना २५,००० पर्यंत नाही). हातात १२,८८७. सांगितलेल्या १७,४०० मध्ये कंपनीने भरायचा पीएफ आणि ईएसआयचा वाटा धरलेला असतो. बस आणि कँटीनचे पैसे कापत असतील तर ते वेगळे. तुम्ही कंपनीच्या रोलवर (पटावर) की कंत्राटदाराच्या, आणि रुजू होताना नेमणूकपत्र मिळणार का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

कुणी पैसे मागितले तर

नोंदणी, गणवेश, गेट पास, मेडिकल, ट्रेनिंग अशा कुठल्याही नावाने आधी पैसे मागणारी नोकरी सोडून द्या. मोठ्या कंपनीचं लेटरहेड असलं तरी ईमेलचा पत्ता फुकटच्या खात्याचा असतो, तिथेच ओळखा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त. आखाती देशातली नोकरी फक्त परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजंटकडूनच घ्या. त्याला तुमच्याकडून सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि पावती द्यावीच लागते.

आमच्याकडे येताना

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयच्या सगळ्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, आधार, पॅन, आयएफएससी दिसेल असं बँक पासबुक, जातीचा दाखला असल्यास तोही. सगळं मूळ प्रतीत आणा, स्कॅन करून लगेच परत देतो. आधारला जोडलेला मोबाइल सोबत हवा, ओटीपी त्यावरच येतो. पासवर्ड तुम्ही स्वतः टाका आणि वहीत लिहून ठेवा. आम्ही तो ठेवून घेत नाही. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये कुठल्या मशीनवर काय काम केलं ते घरीच एका कागदावर लिहून आणलंत, तर बायोडाटा एका बैठकीत पुरा होतो.